कोंडाबाईचे पावणेदोन वेढे

एका जंगलात, पोरांनो, एक लांबच लांब दोरा होता. हसू नका, साधासुधा नव्हता. वाघाला पट्टे कसे, गव्याला शिंगं किती, सगळं त्यात गाठी मारून लिहिलेलं. जो तो रोज आपापली ओळ वाचायचा आणि तसा वाढायचा.

दोरा झिजायचा, म्हणून दर वर्षी वानरं त्याची नक्कल करायची. भराभर गाठी मारत ती पुढे, आणि मागोमाग कोंडाबाई चिचुंद्री. नवा दोरा हाती आला की ती तो बेहड्याच्या फळावर गुंडाळायची. एका बेहड्याला पावणेदोन वेढे, मग पुढचा बेहडा. ज्याची ओळ त्याच्यापुरती बाहेर, बाकी सगळं आत बंद.

"दोन का नाही गं देत?" वानरं चिडवायची.

"तुमच्या शेपट्या मोजल्या का मी कधी? गाठी मारा गुमान."

एकदा कारभारी मोर पाहणीला आला. "बाई, तू लिहितेस काय?"

"नाही जी. गुंडाळते."

"म्हणजे लिहिलेलं झाकतेस. आता आपल्या रानात सगळं उघडं असणार. सगळ्यांना सगळं वाचता आलं पाहिजे."

राजा गव्याला हे फार आवडलं. कोंडाबाईला घरी बसवलं. ती बिळात पडून राहिली, पण हात काही थांबेनात. हवेतच पावणेदोन वेढे घेत राहिले.

इकडे दोरा मोकळा सुटला. वाघानं सशाची ओळ वाचली, त्याला लांब कान आले. बेडकाला शिंगं फुटली आणि त्या वजनानं तो तळ्याच्या तळाशी जाऊन बसला. मोरानं वाचलं गिधाडाचं. पिसारा गळाला, मान टकली झाली. पिसारा फुटला तो राजाला, आणि मिटेचना. त्यात दोऱ्याचा असा गुंता झाला की वानरंही त्यातच अडकली.

टकला मोर बिळाशी आला. "कोंडाबाई, चला."

"कशाला? मी कुठे लिहिते?"

"राजेसाहेबांना बसता येत नाही हो."

कोंडाबाई गेली. आठ दिवस गुंता सोडवला, पुन्हा गुंडाळला. ज्याचं त्याला परत मिळालं.

मग मोठा सत्कार झाला. वानरांचा. सुंदर गाठींबद्दल शाल आणि नारळ. मोरानं पिसारा फुलवून भाषण ठोकलं. कोंडाबाईला पाणी वाटायला सांगितलं. तिनं वाटलं.

पुढच्या वर्षीही तिनं सगळा दोरा नीट गुंडाळला. फक्त मोराच्या ओळीशेजारचा, गिधाडाचा, एक बेहडा जरासा सैल सोडला.

तेव्हापासून मोराची मान अधूनमधून खाजते. दोनचार पिसं गळतात. लगेच तो बिळाशी धावतो आणि आधी विचारतो, "कोंडाबाई, जेवलात का?"

तात्पर्य : काम जीव लावून करा, पण पुरतं करू नका. सगळं सुरळीत असलं की ते सुरळीत ठेवणारीला पाणी वाटायला लावतात. एक बेहडा कायम सैल ठेवावा. कोणाचा, ते मात्र नीट विचार करून ठरवावं.