विचारणारा डबा

आमच्या नायगावचे यशवंतकाका जेवणाच्या डब्याशी बोलतात. खरं तर डबाच आधी बोलतो. रस्त्याच्या मधोमध खणखणीत आवाजात विचारतो, "जेवन झालं का?" एका डब्याने हे विचारावं? त्यातून त्या डब्यात जेवण नसतंच.

तीन पुडांचा स्टीलचा डबा. खालच्या पुडात बॅटरी, मधल्यात पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर, वरच्यात माईक आणि स्पीकर. झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं. कॉम्प्युटर तापतो, त्यामुळे डबा नेहमी कोमट. काकांचं पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद पडलं, हात काही बंद पडले नाहीत. मोबाईलवर व्हिडिओ बघून हे प्रकरण त्यांनी एकट्याने जमवलं.

मी समोरच्या टॉवरमध्ये राहते. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे; वडील मुंबईत नोकरीला, म्हणून मुंबईजवळच्या या नायगावात आलो. नळाला पाणी येत नाही म्हणून मी पत्रकं काढते, मोर्चे काढते. काका मला नावाने हाक मारत नाहीत. "मोर्चेवाली" म्हणतात.

पहिल्या भेटीतच आमचं वाजलं. काका ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, "कुठं चालला?" मलाही विचारलं. मी थांबून त्यांना व्यक्तीच्या खासगीपणाच्या हक्कावर सडेतोड ऐकवलं. त्यांनी मान डोलवत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बराबर हाय. पन कुठं चाललीस?"

पुढे कळलं की या जुन्या गावात तो नमस्कारच असतो. उत्तराची अपेक्षाच नसते. "हे इकडंच" म्हटलं तरी चालतं. पण आमच्या टॉवरच्या शहाण्यांना हे कोण सांगणार? "एक म्हातारा सगळ्यांची चौकशी करतो, पाळत ठेवतो," अशी तक्रार झाली. कमिटीने वॉचमनमार्फत त्यांना समज दिली. ज्यांना शेजारच्या दारावरची पाटी वाचायला वेळ नाही, त्यांना पाळतीची भीती! मी त्यावर पत्रक लिहिलं, लिफ्टमध्ये चिकटवलं. तासाभरात ते फाटलं.

काकांनी विचारणं बंद केलं. आणि थोड्याच दिवसांत डबा बोलायला लागला.

मला काही कळेना. जगभर लोक अशा यंत्राला प्रश्न विचारतात आणि यंत्र उत्तर देतं. काकांचं सगळं उलटं. डबाच विचारतो, तेही काकांच्याच आवाजात. "व्हय" म्हटलं की "बरं झालं" म्हणतो. "नाय" म्हटलं की दटावतो, "मग ऊठ, दोन घास खा."

"काका, हा डबा मोर्चाला द्या," मी म्हटलं. "घोषणा देऊन माझा घसा बसतो."

"त्याला घोषना नाय जमत. त्याला निसतं विचारता येतं."

"मग कमिटीला विचारू दे, पाणी कुठे जातं ते!"

"तू हायस ना त्याला?"

तेवढ्यात डब्याने विचारलं, "गॅलरीतल्या तुलशीला पानी घातलं का?"

आता काकांचं घर बैठं. गॅलरी नाही. तुळस आहे, ती अंगणात. मग विचारलं, "गुडघ्याला तेल लावलं का?" काकांचे गुडघे ठणठणीत. डबा बिघडला असणार, असं मी स्पष्ट सांगितलं. ते मान खाली घालून तार झाळत राहिले.

गेल्या मंगळवारी मी घरी परतत होते, तर काका आमच्या गेटबाहेर डबा घेऊन उभे. त्यांची थोरली बहीण हिराबाय आमच्याच बी विंगमध्ये चौदाव्या मजल्यावर राहते, हे मला तेव्हा कळलं. गुडघ्यांमुळे तिला खाली उतरवत नाही. मुलगा-सून दिवसभर कामावर. आत जायचं तर भाच्याच्या मोबाईलवर होकार यावा लागतो, आणि भाचा मीटिंगमध्ये.

"माझे पाहुणे म्हणून चला," मी म्हटलं.

काका भडकले. "पाहुना? जिथं तुमची लिफ्ट हाय ना, तिथं आमचं खलं होतं. भात झोडलाय मी तिथं. पाहुना म्हनून नाय येनार!" मग डबा माझ्या हातात दिला. "हा नेऊन दे. तिला दिवसभर कोन इचारनारं नाय."

तुळस कुणाची, गुडघे कुणाचे, ते मला तिथे गेटवर उमगलं.

हिराबायने दार उघडलं. मी डबा टेबलावर ठेवला. तिला वाटलं, भावाने कालवण पाठवलं. झाकणाला हात घालणार, तोच आतून आवाज आला, "बाय, जेवन झालं का?"

तिने आधी दाराकडे पाहिलं, मग डब्याकडे. मग खुर्ची ओढून समोर बसली. "झालं रं. तुजं झालं का?"

झाकणातून बारीक दिवा लुकलुकला. "समजलं नाय. परत सांग."

"तुजं जेवन झालं का, म्हनते."

"समजलं नाय. परत सांग."

तिने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने, बहिऱ्याला विचारावं तसं.

मी खाली आले. काका गेटला चिकटून उभे होते. "चालतंय?"

"एका ठिकाणी अडतंय."

"माईक? वायर सुटली?"

"ती तुम्हाला उलट विचारते. तुमचं जेवण झालं का, म्हणून."

"ते टाकलंच नाय मी त्यात," काका म्हणाले. डोकं खाजवलं. "काय टाकू गो? 'झालं' भरून ठेवलं, आन् एखाद्या दिवशी नसलं झालं, तर खोटं पडल ना?"

 

काकांनी मान वर करून टॉवरकडे बघितलं. कुठली खिडकी कुणाची, ते इथून कळत नाही. मग सदऱ्याला हात पुसले आणि वॉचमनच्या टेबलापाशी गेले.

"लिव रं. पाहुना लिव. हिच्या घरचा."

"किस काम से?"

"बायनं इचारलंय," काका म्हणाले. "सांगून येतो."