आठशे ऐंशी किलो उजेड

पुनावळ्यातल्या 'सूर्यांगण' या सात मजली सोसायटीत दर गुरुवारी वीज जाते. ती का जाते हे विचारायचं नसतं. गुरुवार आहे, एवढं कारण पुरतं. लिफ्ट एकच आहे. दुसरी बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत आहे आणि तिथं ती उत्तम चालते.

सेक्रेटरी रंगरावांची अडचण साधी होती. त्यांच्या पत्नी सुमनताईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. घर सहाव्या मजल्यावर, आणि गुडघे वाकवायला शिकवणाऱ्या रहाटणीच्या डॉक्टरीणबाई नेमक्या गुरुवारीच बसत.

"आवो, गुडगं नवं बशीवलं, पर त्यास्नी न्यायाचं कुटं? ग्यालरीत?" सुमनताई विचारत.

रंगराव दोन वर्षं सर्वसाधारण सभेत हात वर करून उभे राहिले, तेव्हा कुठे गच्चीवर सोलर आला. सरकारी तारेशी संबंध न ठेवता गुरुवारची लिफ्ट त्यावर चालवायची ठरली. राहिल्या फक्त बॅटऱ्या. पण चेअरमन दिग्विजय चाकणच्या कंपनीत क्वालिटीला होते. कमिटीतले बाकीचेही कुठल्या ना कुठल्या कंपनीत क्वालिटीलाच असल्यामुळे, दुकानात जाऊन वस्तू आणणे ही प्रथा सोसायटीतून केव्हाच हद्दपार झाली होती.

कमिटी भोसरीला मन्सूरभाईंच्या दुकानात पोचली. आधी दुकानाचं ऑडिट झालं. पंखा नियमबाह्य कोनात फिरत असल्याची नोंद झाली. मग मन्सूरभाईंनी नव्या जातीची बॅटरी दाखवली.

"ही लिथियमची. भिंतीला टांगा आणि विसरा. पाणी नाही, वास नाही."

दिग्विजयनी ती उचलून पाहिली. ती चटकन उचलली गेली आणि तिथंच नापास झाली.

"मन्सूरभाई, एवढ्या पैशात एवढीशी?"

"साहेब, हलकी आहे हाच तर तिचा गुण."

"मी सभेला काय दाखवू? गुण?"

कमिटीने माना डोलावल्या. माणसाला पैसे दिल्यासारखं वाटलं पाहिजे. मन्सूरभाई धंद्यात मुरलेले होते. त्यांनी कोपऱ्यातल्या जुन्या पद्धतीच्या शिशाच्या बॅटरीकडे बोट केलं. दिग्विजयनी तिला हात घातला आणि कळवळून कंबर धरली.

"ही खरी बॅटरी," ते वाकलेल्या अवस्थेतच म्हणाले.

पंचावन्न किलोची एक, अशा सोळा घेतल्या.

खंडेनवमीच्या सकाळी टेम्पोने त्या गेटात उतरवल्या आणि मग प्रश्न निघाला की ठेवायच्या कुठे. गच्चीवर न्याव्यात, तर सातव्या मजल्यावरच्या प्राजक्ता म्हणाल्या, "एवढं वजन माझ्या बेडरूमवर? मी खाली झोपते, ते रात्रभर वर बघत बसायला का?" पार्किंगमध्ये ठेवाव्यात, तर तिथली प्रत्येक फरशी कुणाची तरी होती, पाहुण्यांचं पार्किंगही बिल्डरने पाहुण्यांना विकलेलं होतं. जिन्याखाली आगीचा नियम आडवा आला. बागेत बेंचवरची ज्येष्ठ मंडळी उठेनात.

शेवटी दिग्विजयनी मुद्दा मांडला. "या इमारतीत वजन पेलण्याचं लेखी प्रमाण असलेली जागा एकच आहे." सगळे वळले. लिफ्टमध्ये पाटी होती : तेरा माणसे, ८८४ किलो.

सोळा बॅटऱ्या ८८० किलोच्या. हा योगायोग पाहून कमिटीला भरून आलं.

"आन् मानसं?" रंगरावांनी विचारलं.

"चार किलो शिल्लक आहेत. त्यात बसणारा सभासद असेल तर कमिटीची हरकत नाही."

"आरं, पर लिफ्ट चालवायलाच आणल्याती नव्हं बॅटऱ्या?"

"रंगराव, तात्पुरतं आहे," दिग्विजय म्हणाले. सोसायटीच्या भाषेत याचा अर्थ कायमचं असा होतो.

तेवढ्यात कुणीतरी आठवण केली की आज खंडेनवमी. कंपनीत आज प्रत्येक यंत्राची पूजा असते. झालं. झेंडूच्या माळा आल्या, हळदकुंकू वाहिलं, आणि वजनाची शिस्त म्हणून नारळ बाहेर फोडला. पूजेचं यंत्र दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. दसरा उलटला, तोवर बॅटऱ्यांभोवती पिवळे पट्टे आखून झाले होते, जागेला नंबर मिळाला होता, आणि नंबर मिळालेली वस्तू हलवणं क्वालिटीत पाप आहे. बॅटऱ्या चार्ज होताना वायू सोडतात, म्हणून लिफ्टचं दार कायम उघडं ठेवण्याचा ठराव झाला. दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही. सुरक्षिततेची ही बाब कौतुकाने नोंदवण्यात आली.

गुरुवार उजाडला. वीज गेली. आजूबाजूच्या इमारती विझल्यासारख्या झाल्या आणि सूर्यांगणची लिफ्ट तळमजल्यावर झळाळून उठली. दिवा लागला, पंखा फिरला, आतली बाई गोड आवाजात "कृपया दार बंद करा" म्हणू लागली. टाळ्या पडल्या.

सुमनताईंना कमिटीने प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून सहा मजले खाली आणलं. दिग्विजय घामाघूम झाले होते, पण चेहऱ्यावर तेज होतं.

"काकू, बघा! लाइट गेलीय, तरी लिफ्टला फुल पॉवर!"

सुमनताईंनी माळा घातलेल्या बॅटऱ्यांकडे नीट पाहिलं. "व्हय की. पंका बी हाय त्यास्नी. माझं ऑप्रेशन न्हाई, पूजा करायला पायजे हुती."

रिक्षाने त्या रहाटणीला गेल्या आणि दुपारी परतल्या. पुढे या प्रकल्पाचं नाव झालं. दूरदूरच्या सोसायट्यांची शिष्टमंडळं येतात, पिवळ्या पट्ट्यांचे फोटो काढतात, एखादी बॅटरी उचलून पाहतात आणि कंबर धरून समाधानाने परततात. गेटजवळ खुर्चीत बसलेल्या बाई आणि शेजारी डबा धरून उभे असलेले गृहस्थ फोटोत येऊ नयेत, म्हणून दिग्विजय त्यांना जरा बाजूला सरकायला सांगतात.

कमिटी त्या गुरुवारी दुपारच्या शिफ्टला गेली होती. सुमनताई वर कशा गेल्या, हे एकाही शिष्टमंडळाने अजून विचारलेलं नाही.

तुमच्याही ते आत्ताच लक्षात आलं.