यादृच्छिक दिव्यांना रीतसर मंजुरी

ज्या गावाला चौक नाही त्याला इतिहास नसतो, आणि ज्या चौकाला सुशोभीकरण समिती नाही त्याला भविष्य नसतं. कोरीट रस्त्याच्या तोंडावरचा आमचा चौक कित्येक वर्षं नुसताच चौक होता. वाहनं चार बाजूंनी यायची, मध्ये भांडायची आणि चार बाजूंना निघून जायची. समिती स्थापन झाल्यापासून ही बेशिस्त संपली. आता वाहनं भांडतात ती सुशोभित चौकात.

समितीने चौकाभोवती गोल खांब उभे केले. प्रत्येक खांबावर एक एलईडी दिवा आणि दिव्याखाली देणगीदाराच्या नावाची पाटी. (पाटी दिव्यापेक्षा मोठी आहे. दिवा फक्त अंधारात दिसतो, पाटीला दिवसाही काम असतं.) मग गंभीर प्रश्न उभा राहिला, की दिवे कोणत्या क्रमाने लावायचे. पहिला मान कोणाचा यावरून आमच्याकडे लग्नं अडली आहेत, मिरवणुका तासन्‌तास एका जागी उभ्या राहिल्या आहेत, एका तेराव्याला तर अख्खी पंगत उठली आहे. दिवे वयाप्रमाणे लावावेत, तर देणगीदार वत्सलाबाईंचं वय अजून ठरलेलं नाही. देणगीप्रमाणे लावावेत, तर देणग्या आधी जमा व्हायला हव्यात. समितीच्या तीन बैठका चहावर निघाल्या.

हा पेच सोडवला सदफने. सदफ म्हणजे इद्रिसभाई लाइटवाल्यांची मुलगी. लोणखेड्याच्या कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स घेऊन ती पास झाली होती आणि वडिलांच्या दुकानात बसत होती. ते दुकान ही गावातली एकमेव निःपक्षपाती संस्था. गणपती असो, उरूस असो, शेठजींकडचं पर्युषण असो की पाटलांकडची हळद, रोषणाईच्या माळा इद्रिसभाईंच्याच. भांडणं खाली जमिनीवर चालायची, इद्रिसभाई वर शिडीवर असायचे. त्यामुळे सगळ्यांशी त्यांचं बरं होतं.

सदफ म्हणाली, क्रमच नको. एक मायक्रोकंट्रोलर बसवू, बोटभर चिप असते. ती मनाला येईल तो दिवा निवडेल, हळूहळू उजळवेल, हळूहळू मालवेल, मग दुसरा निवडेल. कोणता, ते मलाही ठाऊक नसेल. ठराव एकमताने संमत झाला, कारण चिपच्या मनाला आपलाच दिवा येणार याबद्दल एकाही सभासदाला शंका नव्हती.

हे सदफचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम. दिवा भसकन पेटू नये, झोपेतून डोळे उघडावेत तसा उजळावा, यासाठी तिने जिवाचं रान केलं. ओट्यावर ओळीने दिवे मांडून ती बघत बसायची आणि तिची आई अख्तरबानो तिच्याकडे बघत बसायची. "लाइट है, जलेगी, बुझेगी. इसमें इतना क्या देखना?" पण सदफचं त्या उजळण्यावर खरंच प्रेम बसलं होतं.

इथे वाचकांना एक तांत्रिक बाब समजून घ्यावी लागेल. चिप अतिशय आज्ञाधारक असते. तिला लहर म्हणून नसते. 'मनाला येईल ते कर' म्हटलं, तर ती दर वेळी तेच ते मनाला आणते. म्हणून सुरुवातीला तिला कशालाही न जोडलेली एक मोकळी पिन वाचायला लावतात. त्या पिनेवर हवेतली भटकी खरखर येते, दर वेळी वेगळी, आणि तिथून चिप आपली लहर सुरू करते. म्हणजे सगळ्या कारभारात ती एक पिन रिकामी असते, म्हणून बाकी सगळं न्यायाने चालतं.

उद्घाटन थाटात झालं. दिवे वाटेल तसे उजळले, वाटेल तसे मालवले, आणि लोकांनी तोंडं वर करून टाळ्या वाजवल्या. मग काम पूर्ण झाल्याचा दाखला देण्यासाठी समितीचे सचिव अमृतभाऊ यांनी चिपची पेटी उघडून पाहणी केली. त्यांचा शेरा असा : 'एक पिन कोणत्याही कामास जोडलेली आढळली नाही. सबब काम अपूर्ण.'

सदफने समजावून पाहिलं, की तिला मोकळंच ठेवायचं असतं.

"बेटी," अमृतभाऊ मायेने म्हणाले, "समितीमा बी आम्ही कोणले मोकळं ठेवतस नही. काही नही ते सल्लागार करी टाकतस."

इद्रिसभाई हळूच म्हणाले, "जोड दे बेटा. एक तार से क्या बिगडता है." अब्बूंनी सांगितल्यावर सदफने पिन जमिनीच्या, म्हणजे अर्थिंगच्या, तारेला जोडली. दाखला मिळाला.

आमच्याकडे वीज जाते. (ही तक्रार नाही, भौगोलिक माहिती आहे.) वीज परत आली की चिप नव्याने सुरू व्हायची, ती पिन वाचायची आणि तिला दर वेळी ठार शून्य मिळायचं. मग तिची लहर दर वेळी नेमक्या त्याच दिव्यापासून सुरू व्हायची. तो दिवा होता इंदरमल शेठजींचा. पहिल्या आठवड्यात हा योगायोग होता, दुसऱ्यात ती चर्चा झाली, तिसऱ्यात तो इतिहास झाला. शेठजींनी ते पूर्वजन्मीचं पुण्य मानलं आणि खांबाला उदबत्ती लावली. बाकीच्यांनी इद्रिसभाई फुटले असं मानलं.

वत्सलाबाई तर भर चौकात म्हणाल्या, "इद्रिसभाई, आते तुम्ही बी शिडीवरथून खाले उतरनात का?"

इद्रिसभाई घरी आले आणि ताटावर नुसते बसून राहिले. त्या दिवसापासून लग्नाच्या रोषणाईची बोलणी करायला येणारे लोक 'कळवतो' म्हणून जाऊ लागले. समितीने सुरतेहून कंत्राटदार आणून सगळं उखडायचं ठरवलं. सदफला आपल्या दिव्यांचं वाईट वाटलंच, पण अब्बूंचा उतरलेला चेहरा तिला बघवेना. आयुष्यभर कुणाची बाजू न घेतलेल्या माणसावर तिच्या एका तारेमुळे हे आलं होतं. ती गच्चीवर जाऊन पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी तिने समितीसमोर पेटी उघडली, कारण सांगितलं आणि तार काढून टाकली. चिप पुन्हा लहरी झाली. पण संशय एकदा डोळ्यांत शिरला की तार काढून निघत नाही. समितीने ठरवलं, प्रत्येक देणगीदाराने आपापल्या दिव्याचं निरीक्षण करून निष्कर्ष कळवावा. निष्कर्ष आले. प्रत्येकाच्या मते त्याचा दिवा इतरांपेक्षा कमी लागत होता. म्हणजे सर्व दिवे सर्व दिव्यांपेक्षा कमी लागत होते. गणिताला हे मान्य होणार नाही, पण गणिताने देणगी दिली नव्हती.

आणि मग वत्सलाबाई पंखा दुरुस्तीच्या निमित्ताने दुकानात आल्या. पंखा चांगला होता.

"बेटी, मन्हा दिवा जरासा जास्तीना लावजो. कोणले सांगू नको."

सदफने पिन समजावून सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिला कोपऱ्यात स्टुलावर बसलेले अब्बू दिसले. जुन्या माळेतले चांगले दिवे ते पुन्हा पुन्हा तपासत होते, दुसरं काम नव्हतं म्हणून. तिने तोंड मिटलं आणि मग म्हणाली, "व्हई जाई, मावशी."

त्यानंतर दुसरे देणगीदार वाहरू ठेकेदार आले. मग खुद्द अमृतभाऊ आले ("तत्त्व म्हणून नही, पण घरमा बोलतस"). इंदरमल शेठजी आले, त्यांना पूर्वीसारखं करून हवं होतं. सदफ प्रत्येकासमोर लॅपटॉप उघडायची आणि कॅप्स लॉकचं बटण ठामपणे दाबायची. त्याने एक बारीक दिवा लागतो, त्यामुळे गिऱ्हाइकाची खात्री पटते. प्रोग्रामची एक ओळही तिने बदलली नाही.

परिणाम तत्काळ दिसला. प्रत्येक देणगीदार संध्याकाळी आपल्या खांबासमोर उभा राही आणि दिवा आता कसा वारंवार, कसा झोकात लागतो, हे गुपचूप बघून सुखावे. सुरतेचा कंत्राटदार रद्द झाला. लग्नाची बोलणी परत सुरू झाली. समितीने इद्रिसभाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, तो निःपक्षपातीपणाबद्दल. सदफ टाळ्या वाजवत होती. पूर्वी दुकान कुणाचीच बाजू घेत नव्हतं म्हणून चालायचं, आता सगळ्यांची गुपचूप घेतं म्हणून चालतं, एवढाच फरक झाला होता.

घरी आल्यावर इद्रिसभाईंनी शालीची घडी घातली, अख्तरबानो आत आहे ना हे पाहिलं आणि आवाज खाली आणला. मजुरी सोडल्याबद्दल समितीने एका खांबावर त्यांच्याही नावाची पाटी लावली होती.

"बेटा, अपने वाले का भी देख लिया ना?"

सदफने शाल त्यांच्या हातातून घेतली. मग म्हणाली, "हां अब्बू."

परवा ती देखभालीसाठी चौकाला चक्कर मारत होती. एकेका खांबापाशी थांबून तिने दिवा उजळेपर्यंत वाट पाहिली. एका खांबापाशी ती बराच वेळ थांबली. तो दिवा लागेचना. उघडून पाहिलं तर आतली तार जोडलेलीच नव्हती, उद्घाटनाच्याही आधीपासून. मधल्या काळात पाहणी झाली, निरीक्षण झालं, निष्कर्ष झाले, पण हा दिवा बंद आहे हे एकाच्याही नजरेला आलं नाही. तिने ओढणीने पाटी पुसली. पाटीवर लिहिलं होतं, 'समस्त नागरिकांतर्फे.'

काम दोन मिनिटांचं आहे. पण समितीच्या नव्या नियमाप्रमाणे दिवा दुरुस्त करण्यापूर्वी पाटीवर ज्याचं नाव आहे त्याला दुकानात येऊन तक्रार सांगावी लागते. दुकान सकाळी दहाला उघडतं. अजून कोणी आलेलं नाही.

वाचकहो, तुम्ही आत्तापर्यंत ज्यांना हसलात, ते निदान आपापल्या दिव्याकडे तरी बघत होते.