हप्त्याची रंगीत तालीम

दर महिन्याच्या पाच तारखेला, सकाळी नवाच्या ठोक्याला, समोरच्या फ्लॅटमधले परबकाका माझ्याकडे हप्ता भरायला यायचे. मी त्यांना आयुष्यात फुटकी कवडी उधार दिलेली नाही. तरी नऊ हजार दोनशे मोजून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "पावती दी गो."

झालं होतं असं. काकींचे दोन्ही कान हळूहळू बंद पडत चालले होते. कानाच्या मशीनची जोडी एक लाख दहा हजारांची. दुकानदार बारा बिनव्याजी हप्ते करून द्यायला तयार. काकांची बँकेत एफडीही होती. अरे, कुठूनही दे आणि मोकळा हो ना! पण काकांच्या प्रत्येक वाक्याला 'पण समजा' लागायचं. "एफडी मोडलंय, पण समजा, दुसऱ्याच दिवशी माका हॉस्पिटलात नेल्यानी तर?" "हप्ते घेतलंय, पण समजा, पेन्शन लेट झाली तर?" वॉचमन, दूधवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा, सगळ्यांना विचारून झालं. निम्मे म्हणाले मोडा, निम्मे म्हणाले हप्ते घ्या. काकांचं बीपी वाढलं ते वेगळंच.

शेवटी त्यांनी तोडगा काढला. आधी सहा महिने हप्त्याची तालीम. झेपलं तर खरं कर्ज. बँक कोण? मी! "आणि उशीर झालो तर फोन करून दम दी हां. खरे बँकवाले देतत तसो."

एकदा मुद्दाम दोन दिवस उशीर केला. मी फोनवर आवाज चढवला, "परब, लाज वाटते का? पैसे कधी भरताय?" पाचव्या मिनिटाला माणूस घामाघूम होऊन दारात, वर तीनशे रुपये दंड. मला हसू आवरेना. ते मात्र पावती खिशात जाईपर्यंत खाली टेकले नाहीत.

तिकडे काकींना कुकरची शिट्टी ऐकू येईनाशी झाली. मग एक दिवस मी बेल वाजवून वाजवून थकले, आणि त्या आत पंख्याखाली निवांत भाजी निवडत बसलेल्या.

सहावा हप्ता घेऊन काका आले तेव्हा माझं डोकं फिरलं. "काका, बस झाली तुमची नाटकं! उशीर केलात तर मशीन लावूनही शब्द नीट कळायचे नाहीत, असं कान तपासणाऱ्या बाईंनी सांगितलंय ना? मग कशाची वाट बघताय?"

काका खुर्चीत बसले.

"मी काय जन्माक पुरतलंय, गो? एफडी मोडलंय, तर माझ्यामागे तिच्याकडे काय रवतला? नाय मोडलंय, तर हप्ते तिच्या गळ्यात. दाराची बेल तिका ऐकाक येऊक व्हयी. पण दारात वसुलीवालो नको."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा महिने मी या माणसावर हसत होते! उठले, कपाटातला डबा काढला, सहावा हप्ताही त्यात टाकला आणि तो त्यांच्यापुढे ठेवला.

"सहा हप्ते आहेत यात, काका. एका कानाचे पैसे झाले. एफडी मोडायला नको, की कर्ज नको."

ते डब्याकडे बघतच राहिले. "पण समजा..."

"समजा गेलं खड्ड्यात! चप्पल घाला. काकींना हाक मारते... नाही, जाऊन घेऊन येते."

दुकानातल्या बाई म्हणाल्या, "दोन्ही कान सारखेच आहेत. सध्या एकच घेताय, तर कुठल्या कानाचं करू?" मी कपाळावर हात मारला. आता हा माणूस महिनाभर मुलुंडभर विचारत फिरणार.

"डाव्या," काका ताडकन म्हणाले.

"अहो, जरा विचार करून सांगा," मीच म्हटलं.

"त्यात विचार कसलो?" काका म्हणाले. "जेवूक मी तिच्या डाव्या बाजूक बसतंय."