मास्तरांनी बसवलेला कूलर

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. तीस वर्षं ते फ्रिज आणि एसी दुरुस्त करत होते आणि दुरुस्ती करता करता गिऱ्हाइकाला तासभर गारव्याचं शास्त्र समजावून सांगत, म्हणून लोक त्यांना मास्तर म्हणायला लागले. फ्रिजच्या मागे वाकून, नुसतं कान लावून, ते कॉम्प्रेसर अजून किती महिने काढेल ते सांगत आणि बहुतेक वेळा तसंच होई. त्यामुळे जगात एखादी वस्तू गरम होत असेल आणि तिच्याबद्दल आपल्याला विचारलं जात नसेल, तर तो त्यांना स्वतःचा अपमान वाटे.

आणि घरात अशी एक वस्तू होती. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा तिचा गेम खेळायचा कॉम्प्युटर मागे राहिला होता. त्यावर आता मास्तरांची बायको खेळायची. ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसे, पेशंटचे नंबर लावी, घाबरलेल्यांना हळू आवाजात धीर देई. दवाखान्यात आणि बिल्डिंगमध्ये सगळे तिला ताई म्हणत. पण ती खरी ताई होती एकाच माणसाची, धाकट्या बहिणीची.

या दोघी बहिणी चार वर्षं एकमेकींशी धड बोलल्या नव्हत्या. आई आजारी होती तेव्हा सगळं ताईने एकटीने केलं. धाकटी आलीच नाही, आणि का आली नाही ते तिने सांगितलंही नाही. आई गेल्यावर दोघींमध्ये उरलं ते फक्त वाढदिवसाचे दोन ओळींचे निरोप. मग मास्तरांच्या मुलीने युक्ती केली. मावशीच्या आणि आपल्या आईच्या कॉम्प्युटरवर एकच खेळ टाकून दिला. बर्फाळ डोंगरातून मालाचा ट्रक न्यायचा. एकीने चालवायचा, दुसरीने नकाशा बघून रस्ता सांगायचा. कानाला हेडफोन. रविवारी सकाळी दहा ते बारा.

पहिले काही रविवार "डावीकडे घे", "पुढे दरी आहे" एवढंच बोलणं झालं. पण समोरासमोर बसलं की तोंडाला कुलूप लागतं, तेच हात स्टिअरिंगवर आणि नजर बर्फावर असली की माणूस बोलून जातो. हळूहळू धाकटीची गुडघेदुखी निघाली, ताईच्या दवाखान्यातले किस्से निघाले, आईच्या हातच्या स्वेटरची टोचणारी लोकर निघाली. अकरा महिने हे चाललं होतं. आईचं आजारपण तेवढं अजून निघालं नव्हतं.

मास्तरांना यातलं काही ऐकू येत नसे. त्यांना ऐकू यायचा फक्त पंखा. खेळ सुरू झाला की तो लोखंडी डबा असा काही घोंघावायचा, की एखादं विमान धावपट्टीवर उभं राहून परवानगीची वाट बघतंय असं वाटावं. मुलीने पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या डोक्याचं, तापमान दिसेल अशी सोय करून ठेवली होती. खेळताना तो आकडा शहाऐंशीवर जायचा.

"शहाऐंशी," मास्तर म्हणाले. "अगं, एवढ्यात भात शिजेल."

"चालतंय की पण. कधी बंद पडला नाही."

"बंद पडायची वाट बघायची का? तीस वर्षं मी लोकांच्या वस्तू थंड करतोय आणि माझ्याच घरात ही भट्टी? तू फक्त शनिवारचा दिवस मला दे."

ताईने दिला. पुढे बरेच दिवस तिला त्याचं वाईट वाटत राहिलं.

कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात एक चष्मेवाली बाई होती. तिने मास्तरांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आतली धूळ कधी काढली होती?"

"धूळ राहू द्या. मला त्या प्रोसेसरवर बसवायचा कूलर दाखवा. सगळ्यात मोठा."

"आधी धूळ काढून बघा. प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवणारी पेस्ट मध्ये असते, ती वाळली असेल, पुसून नवी लावा. तेवढ्यानेही दहा-बारा डिग्री उतरतं. आणि कूलर बदलायचाच असेल तर मधल्या आकाराचा पुरेल. तुमच्या डब्याची रुंदी मोजून आणलीय का?"

"बाई, मी गारव्याच्याच धंद्यातला आहे," मास्तर म्हणाले. हे वाक्य ऐकलं की समोरचा माणूस गप्प बसतो असा त्यांचा अनुभव होता. बाईही गप्प बसली. कूलरच्या पेटीत माहितीपत्रक आहे, ते मात्र वाचा, एवढं म्हणाली.

कूलर होता दुमजली. पत्र्यांच्या दोन चळती, दोन पंखे, मध्ये चकचकीत तांब्याच्या नळ्या. नळ्या बघून मास्तरांना आपल्याच भाऊबंदांत आल्यासारखं वाटलं. माहितीपत्रक त्यांनी चहाच्या कपाखाली ठेवलं. जुना कूलर निघाला, पेस्ट लागली, नवा बसला, आणि मग डब्याचं झाकण लागेना. कूलर बोटभर बाहेर येत होता.

दुसऱ्या कुणी कूलर परत नेला असता. मास्तरांनी झाकण खाली अंगणात नेलं आणि पत्रा कापायच्या यंत्राने त्याला बशीएवढं भोक पाडलं. त्या भोकातून कूलरचं डोकं बाहेर आलं. संध्याकाळी ताई घरी आली आणि बराच वेळ बघत उभी राहिली.

"हे असंच राहणार?"

"हवा खेळती राहते," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बरोबर दहा वाजता ट्रक निघाला. पंखे इतके हळू फिरत होते की मास्तर कौतुकाने दारात उभे राहिले आणि मग समाधानाने भाजी आणायला गेले. वीस मिनिटांनी घाटातल्या एका लांब, सरळ रस्त्यावर धाकटी म्हणाली, "ताई, एक बोलायचं होतं. आईच्या वेळी मी आले नाही ना, ते…"

आणि पडदा काळा झाला.

ताईने घाईघाईने कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. पुन्हा ट्रक, पुन्हा घाट. धाकटीने पुन्हा धीर गोळा केला, "तर मी म्हणत होते," इतकं म्हणाली आणि पुन्हा अंधार. ताईने फोन केला. "अगं, कॉम्प्युटरच बंद पडला."

"हो का," धाकटी म्हणाली. "अकरा महिन्यांत कधी पडला नव्हता."

मास्तर पिशवी घेऊन आले तेव्हा ताईने सांगितलं, कोपऱ्यातला आकडा अठ्ठ्याण्णवपर्यंत गेला होता.

"शक्य नाही. एवढा मोठा कूलर. आकडाच खोटा आहे. फ्रिजचे थर्मोस्टॅट काय कमी खोटं बोलतात?" आणि त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात, बरोबर आकड्यावर, औषधाच्या बाटलीवर लावतात तसली कागदाची चिकटपट्टी लावून टाकली. "आकडा बघूनच माणूस घाबरतो."

सोमवारी दुपारी मास्तर कुणाच्या तरी एसीखाली शिडीवर उभे असताना धाकटीचा फोन आला.

"भाऊजी, खरं सांगा. ताईचा कॉम्प्युटर खरंच बंद पडतोय?"

ती हे का विचारते आहे, ते मास्तरांना तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना एवढंच ऐकू आलं, की आपल्या कामावर कुणीतरी शंका घेतंय.

"कोण म्हणतं? मी स्वतःच्या हाताने कूलर बसवलाय. दहा तास चालव, हूं की चूं करणार नाही. मशीनमध्ये काडीचाही दोष नाही."

"पण आपोआप बंद होतो म्हणाली ती."

"आपोआप काही बंद होत नसतं गं. कुणीतरी बटण दाबावं लागतं."

 "बरं" म्हणून तिने फोन ठेवला. मास्तरांनी हे घरी सांगितलंच नाही. एका गिऱ्हाइकाचं शंकानिरसन झालं, इतकंच त्यांच्या डोक्यात होतं.

पुढच्या रविवारी धाकटी आली, पण आवाज कोरडा होता. तरी पाऊण तासाने तिने स्वतःहून विषय काढला. एवढा वेळ कॉम्प्युटर टिकला, कारण मास्तरांनी तो ओढत स्वयंपाकघरात नेला होता आणि फ्रिजचं दार उघडून त्याच्यासमोर ठेवला होता. फ्रिजचं दार उघडं ठेवणाऱ्या गिऱ्हाइकांना त्यांनी आयुष्यभर झापलं होतं, पण बायकोचा उतरलेला चेहरा आठवडाभर बघून त्यांचंही डोकं ठिकाणावर नव्हतं. आता ताई ओट्याशी स्टुलावर बसून ट्रक चालवत होती, पायांना गार वारा लागत होता, आतलं दूध नासायच्या बेतात होतं, आणि धाकटी सांगत होती, "ताई, मी तेव्हा आले नाही, कारण मला…"

काळोख.

या वेळी फोन धाकटीनेच केला. "तुला ऐकायचं नसेल तर तसं सरळ सांग, ताई. बटण कशाला दाबतेस?"

"मी नाही गं दाबलं."

"भाऊजींना विचारलंय मी," असं म्हणून तिने फोन ठेवला. त्यानंतर ती खेळावर आली नाही आणि फोनही उचलेना.

ताई नवऱ्याला काही बोलली नाही. बोलली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं. रविवारी दहा वाजता ती कपडे घड्या करायला बसे, हेडफोन शेजारी ठेवून, आणि बारापर्यंत तेच कपडे पुन्हा उलगडून पुन्हा घड्या घाली. असे तीन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी मास्तरांना ते बघवेना. सोमवारी त्यांनी डबा काखोटीला मारला आणि दुकान गाठलं.

चष्मेवाल्या बाईने झाकणाच्या भोकाकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि पेचकस घेतला. चार स्क्रू सोडवून तिने कूलर उचलला, उलटा केला आणि दिव्याखाली धरला. तळाच्या चकचकीत तांब्यावर एक पातळ पारदर्शक प्लास्टिक होतं. त्यावर लाल अक्षरांत, बसवण्याआधी हे काढा, असं लिहिलेलं होतं. पेस्ट नीट, एकसारखी, त्या प्लास्टिकवर लावलेली होती.

"हे दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं," मास्तर हळूच म्हणाले. खोटं बोलायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. "पण आमच्या धंद्यात नव्या फ्रिजचं प्लास्टिक काढलं तर गिऱ्हाईक भांडायला उठतं. दहा-दहा वर्षं तसंच ठेवतात लोक. मला वाटलं, वस्तू नवी राहील."

बाईला हसू आलं होतं, पण मास्तरांचा चेहरा बघून तिने ते गिळलं. प्लास्टिक सोलून तिने तळ पुसला, नवी पेस्ट लावली, कूलर बसवला आणि एक जड खेळ लावून दिला. आकडा बासष्टवर जाऊन थांबला. मास्तर त्या आकड्याकडे बघत बसले. त्यांच्या मनात एकच वाक्य फिरत होतं, काडीचाही दोष नाही.

घरी येऊन त्यांनी ताईला सगळं सांगितलं. शिडीवरून केलेलं बोलणंही, शब्दन् शब्द. ताई कितीतरी वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"तिला असं म्हणालात तुम्ही? बटण दाबावं लागतं?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"मला वाटलं, कामाची चौकशी करतेय."

"चार वर्षं लागली होती तिला तिथवर यायला," ताई म्हणाली. तिचा आवाज दवाखान्यातल्यासारखाच हळू होता, पण त्यात धीर देण्यासारखं काही नव्हतं. "आता तुम्हीच सांगा तिला. मी फोन केला तर ती उचलायची नाही."

मास्तरांचा फोन धाकटीने उचलला. त्यांनी प्लास्टिकपासून सुरुवात केली, मग भोक, मग चिकटपट्टी, मग फ्रिजचं उघडं दार, आणि शेवटी स्वतःचं ते बोलणं. एरवी तासभर बोलणारे मास्तर चार मिनिटांत संपले.

"चूक माझी होती. ताईने एकदाही बटण दाबलं नाही. ती दर रविवारी हेडफोन शेजारी घेऊन बसते."

धाकटी म्हणाली, "भाऊजी, माझा कॉम्प्युटर मी ऑफिसातल्या एकीला देऊन टाकला."

  मग ती म्हणाली, "रविवारी सकाळची बस असते ना तुमच्याकडे यायला?"

ती आली. दोघी बहिणी स्वयंपाकघरात टेबलाशी समोरासमोर बसल्या आणि दातांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या अनोळखी बायकांसारख्या भिंतीकडे बघू लागल्या. प्रवास कसा झाला, बरा झाला, गुडघा कसा आहे, आहे तसाच आहे. मग पुढे काहीच नाही. शेवटी ताई उठली आणि मटारची भली मोठी पिशवी टेबलावर ओतली. दोघी शेंगा सोलायला लागल्या. नजरा खाली गेल्या, हात चालू झाले, आणि थोड्या वेळाने धाकटी शेंगेकडे बघत म्हणाली, "आईच्या वेळचं सांगायचं होतं."

मास्तर दारातच होते. वरचा पंखा किंचित करकरत होता, तो आपण आत्ता दोन मिनिटांत ठीक करू शकू असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांची नजर पेचकसाकडे गेली. ताईने मान वर न करता सांगितलं, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

ते बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले. आतून बोलण्याचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाज थांबत नव्हता. मध्येच कुणीतरी रडलं, बहुतेक दोघीही. अर्ध्या तासाने वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पिशव्या सांभाळत जिना चढून आले.

"काय मास्तर, आपल्याच दाराबाहेर?"

"आत दुरुस्ती चाललीय," मास्तर म्हणाले.

"आणि तुम्ही बाहेर?"

"हो," मास्तर म्हणाले. "म्हणून तर होईल."