ओल्या ढिगाचा धूर

एका जंगलात, बाळांनो, फार पूर्वी कचरा नव्हता. म्हणजे पानं गळायची, फांद्या मोडायच्या, काटक्या पडायच्या. पण याला कचरा म्हणतात हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. असल्या गोष्टी ठाऊक करून द्यायला राजा लागतो. राजा होता.

राजा अर्थातच सिंह. तो उंच टेकडीवर राहायचा. त्याचे गुडघे धरलेले होते, त्यामुळे वर्षानुवर्षं तो खाली उतरला नव्हता. एकदा चैत्रात वादळ झालं आणि बाभळीची एक फांदी थेट टेकडीवर येऊन पडली. महाराजांच्या पंजात काटा गेला. तेवढ्यावर फर्मान निघालं. ज्याने त्याने आपापलं अंगण साफ करून पडलेल्या फांद्या पौर्णिमेच्या आत जाळाव्यात. जो जाळणार नाही त्याचं घर सरकारजमा.

आता अंगणं साफ झाली की नाही, हे टेकडीवर बसून कळणार कसं? राजाचा कारभारी होता तरस. तो म्हणाला, "महाराज, आगीशिवाय धूर नाही, असं म्हणतात. तेव्हा जिथे धूर नाही तिथे आग नाही. आपण इथूनच नुसता धूर बघायचा."

महाराजांना ते तात्काळ पटलं. ज्यात उठावं लागत नाही असं काहीही महाराजांना तात्काळ पटायचं.

खाली ओढ्याकाठी द्वारकाबाई नावाची साळू राहायची. साळू म्हणजे अंगभर काटे असलेलं साळिंदर, हे तुम्हाला माहीत आहेच. नसेल तर आईला विचारा. द्वारकाबाईचं बीळ एका जुन्या करंजाखाली होतं. बिळाचं छप्पर म्हणजे करंजाची मुळं. तिच्या पणजीपासून सगळ्या तिथेच जन्मल्या होत्या, आणि आता तिची चिमुकली लेक चंपी तिथे वाढत होती.

द्वारकाबाई कामाला वाघ होती. वाघ ऐकत नसतील अशा बेताने सांगतो. तिने अंगणातल्या फांद्या ओढून आणल्या, नीट रचल्या आणि तशाच ठेवल्या. तिच्या आजीची शिकवण होती की हिरव्या फांदीला आगीजवळ नेऊ नये. आधी उन्हात वाळू द्यावी, भोवतीचा पाचोळा झाडून मोकळी पट्टी करावी, आणि मग वारा पडला की पेटवावी. द्वारकाबाईने हे सगळं शिस्तीत केलं. पौर्णिमेच्या आदल्या सकाळी तिने ढीग पेटवला. तो तडतडत असा जळला की चंपीची न्याहारी आटपायच्या आत खाली मूठभर राख उरली. ती तिने सुरणाच्या आळ्यात टाकली आणि अंगण सारवलं.

तिचा शेजारी रावजीभाऊ रानडुक्कर. त्याला वाळवणं वगैरे ठाऊक नव्हतं. त्याने चिखलात लोळवलेल्या हिरव्यागार फांद्यांचा ढीग केला, खाली निखारे सारले आणि झोपून गेला. ढीग काही पेटला नाही. पण धूर मात्र असा निघाला की ओढ्यातले मासेसुद्धा बाहेर डोकावून पाहू लागले. चार दिवस झाले तरी धूर चालूच, आणि ढीग होता तेवढाच.

पौर्णिमा उलटली तसा कारभारी तरस पाहणीला आला. त्याने रावजीभाऊला झेंडूची माळ घातली आणि 'धूम्रभूषण' ही पदवी दिली. रावजीभाऊला खोकल्यामुळे दोन शब्द बोलता आले नाहीत, त्यामुळे समारंभ फार चांगला झाला.

मग कारभारी द्वारकाबाईच्या अंगणात आला.

"तुमचा धूर कुठे आहे?"

"साहेब, फांद्या वाळलेल्या होत्या. जळून गेल्या. अंगण बघा ना."

"अंगण मी कशाला बघू? महाराजांना टेकडीवरून इथे काही दिसलं नाही. धूर नाही म्हणजे आग नाही, आग नाही म्हणजे सफाई नाही."

द्वारकाबाईने राख दाखवली. राख टेकडीवरून दिसत नाही, असं कारभाऱ्याने समजावलं. तो काही वाईट नव्हता; त्याने अमावास्येपर्यंत मुदत दिली. तोवर धूर दिसला नाही तर बीळ सोडायचं.

इकडे जंगलात गंमत झाली, बाळांनो. वादळात पडलेल्या फांद्या संपल्या. पण धूर तर थांबवता येईना, कारण ज्याचा थांबे त्याच्यावर संशय. मग सगळे उभी झाडं तोडू लागले. आधी जांभळी गेल्या, मग ऐन, मग आंबे. जेवढी हिरवी फांदी तेवढा दाट धूर, तेवढी मोठी माळ. झाड तोडलं की अंगणात पुन्हा पाला पडे, म्हणून सफाईला आणखी जोर येई. असा उत्साह त्या जंगलात कधी पाहिला नव्हता, आणि नंतर पाहायला जंगल नव्हतं.

द्वारकाबाईच्या अंगणात हिरवं म्हणावं असं एकच उरलं होतं, तो करंज. तो तोडावा तर बीळ ढासळणार, न तोडावा तर बीळ जाणार. शेवटी ती चंपीला बिळात ठेवून टेकडी चढली.

महाराज डोळे पुसत बसले होते. द्वारकाबाईने हात जोडले आणि सगळं सांगितलं. आपलं अंगण रानात सगळ्यांत स्वच्छ आहे, एकदा नजर टाकावी, एवढंच तिचं मागणं होतं.

महाराजांनी तिलाच कड्यापाशी बोलावलं. "तूच सांग. तुला खाली कुठे कचरा दिसतो?"

द्वारकाबाईने पाहिलं. खाली धुराखेरीज काही नव्हतं.

"काहीच दिसत नाही, महाराज."

"म्हणजे रान स्वच्छ आहे," महाराज म्हणाले. कारभाऱ्याने लगेच तिची साक्ष लिहून घेतली.

एवढ्यात महाराजांचे डोळे बारीक झाले. ओढ्याच्या बाजूला धुरातून एक हिरवा शेंडा वर आला होता. अख्ख्या रानात तेवढाच काय तो दिसत होता. "ते काय आहे?"

"माझा करंज, महाराज," द्वारकाबाई हरखून म्हणाली. आता तरी ते बघतील, असं तिला वाटलं.

"बाकी सगळं कसं नाहीसं झालंय, आणि हे एवढंच दिसतंय." महाराजांना मनापासून वाईट वाटलं. "याला म्हणतात घाण. उद्या दिसता कामा नये."

द्वारकाबाईच्या अंगावरचे काटे उभे राहिले. कारभाऱ्याने ते खाली घ्यायला सांगितले, दरबाराचा नियम होता. तिने घेतले.

टेकडी उतरताना ती रडली. मग रडता रडता थांबली. दिसता कामा नये, असं महाराज म्हणाले होते. तोडा, असं म्हणाले नव्हते.

घरी येऊन तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. ओढ्यातलं शेवाळ, ओला पाला, भिजलेलं गवत असं सगळं करंजापासून चार हातांवर गोळा केलं. आजीने सांगितलेलं एकेक कलम आठवलं आणि त्याच्या बरोबर उलट वागली. भसाभसा धूर निघाला. वाऱ्याबरोबर तो करंजाला लपेटला, आणि दुपारपर्यंत झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत नाहीसं झालं.

बीळ वाचलं. कारभारी स्वतः चाचपडत आला आणि माळ तिच्या काट्यांत अडकवून गेला. इतका दाट धूर रावजीभाऊलाही जमला नव्हता. जाता जाता त्याने द्वारकाबाईला कामही दिलं: ओला ढीग कसा रचावा हे तिने सगळ्या रानाला शिकवावं. तिने मान डोलावली. झाड तरी उभं राहील, असं तिला वाटलं.

झाड उभं राहिलं. द्वारकाबाई रोज शिकवायला जाई, परत येऊन ढिगात ओला पाला घाली आणि खोकत बसे. चंपी धुरातच मोठी झाली. एके दिवशी तिने विचारलं, "आई, आपला करंज म्हणतेस, तो असतो कसा?"

द्वारकाबाईने तिचा पंजा हातात घेतला आणि बुंध्यावर ठेवला. "असा असतो, बाय."

"खरखरीत," चंपी म्हणाली, आणि खोकली.

तात्पर्य: बाळांनो, कचरा नेहमी ओलाच पेटवावा. वाळलेला कचरा जळून जातो, आणि मग आपण काही केलं होतं, हे मोठ्या माणसांना पटवायला हातात काहीच उरत नाही.