काकांचं टेम्पल

"दवाखान्यात तुझं काही काम नाही," मावशींनी लेकीला फोनवर ठणकावलं. "डॉक्टर इंग्रजी बोलतो तर बोलू दे. इंग्रजी मासिकं बघून बघून आख्खा जन्म कपडे शिवलेत मी. मला कोणी इंग्रजी शिकवायला नको."

मावशी घरीच शिवणकाम करायच्या. काका त्यांचे यजमान. मुळातच मितभाषी, त्यात हल्ली रोज डोकं ठणकायचं, त्यामुळे घरात एक कपाट जास्त आल्यासारखं झालं होतं.

डॉक्टर तरुण होता, मराठीचा गंधही नसलेला. मान वर न करता, कॉम्प्युटरलाच विचारावं तसे प्रश्न विचारत होता. पहिलाच प्रश्न आला, टेम्पलमध्ये दुखतं का?

मावशी जरा अडखळल्या, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. "अहो, देवळात दुखतं का विचारतायत."

काकांनी विचार केला. "देवळात मी शेवटचा गेलो तो आपल्या लग्नात. तेव्हा नव्हतं दुखत."

"टेम्पल, नो पेन," मावशींनी कळवलं. "ओन्ली वन टाइम गोइंग. फॉर मॅरेज."

डॉक्टरचा टाइप करणारा हात थबकला. मग त्याने लांबलचक काहीतरी विचारलं. दुखण्याला काही ठरावीक वेळ, काही पॅटर्न आहे का, असं त्याला म्हणायचं होतं. मावशींच्या हाती त्यातला शेवटचा शब्द लागला आणि त्यांची कळी खुलली. पॅटर्न म्हणजे कापड बेतायचा कागद. हा तर घरचाच शब्द.

"येस, येस. मेनी पॅटर्न. ही स्टँड, आय मेजर. देन आय कट."

डॉक्टरने पहिल्यांदाच मान वर केली. आधी मावशींकडे बघितलं, मग काकांकडे. मग उठून काकांची बाही खांद्यापर्यंत सरकवून दंड नीट तपासला. बेल वाजवली. नर्स आली आणि तिने मावशींना गोड बोलून बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं.

आत नर्सने काकांचा हात हातात घेतला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, घरी भीती वाटते का?

काकांना इंग्रजीतला एकच शब्द यायचा. "येस," काका म्हणाले.

बायकोची?

"येस."

ती कापते तुम्हाला?

"येस, येस." बाई एवढ्या आपुलकीने विचारतेय, तिला नाही कसं म्हणायचं?

नर्सने फोन उचलला. नशीब एवढंच, की पोलिसांच्या आधी तिने काकांच्या केसपेपरवरचा लेकीचा नंबर फिरवला. लेकीने आधी सगळं ऐकून घेतलं, मग पोट धरून हसली, आणि मग आई काय काम करते ते समजावून सांगितलं. डॉक्टरने कपाळाचा घाम पुसला, काकांच्या दोन्ही कानशिलांवर बोटं ठेवली आणि दाबली.

"आई गं," काका कळवळले.

"टेम्पल," डॉक्टर म्हणाला.

बाहेरून आत आलेल्या मावशींनी ते पाहिलं आणि मनात पक्कं केलं. टेम्पल म्हणजे कानशील. पुन्हा चूक होणे नाही.

उरलेलं लेकीने फोनवरूनच निस्तरलं. दुखतं कधी? पेपर वाचताना. म्हणजे चष्मा लावल्यावर. चष्मा कानशिलांवर घट्ट बसतोय, समोरच्या दुकानातून सैल करून घ्या, एवढं सांगून डॉक्टरने त्यांची बोळवण केली.

चष्मेवालाही इंग्रजीच बोलणारा. त्याने काकांचा चष्मा काढून घेतला, काकांना खुर्चीत बसवलं आणि एक यंत्र सुरू केलं. त्यातून गरम हवेचा झोत यायला लागला. चष्म्याच्या काड्यांनाही त्याच्या धंद्यात टेम्पलच म्हणतात. तो हसून मावशींना म्हणाला, आधी टेम्पल्स चांगली तापवतो, मऊ पडली की बाहेरच्या बाजूला वाकवतो.

मावशी ताडकन उठल्या. त्यांनी काकांचं मनगट धरलं. "चला. आत्ताच्या आत्ता."

"अगं, पण काय म्हणाला तो?"

"तुम्हाला ऐकवणार नाही. चला म्हणते ना."

चष्मा दुकानातच राहिला. चष्माच नाही म्हटल्यावर काकांनी पेपर वाचला नाही, आणि पेपर वाचला नाही म्हणून संध्याकाळी डोकंही दुखलं नाही. मावशींनी लगेच लेकीला फोन लावला.

"मला इंग्रजी येतं," त्या म्हणाल्या, "म्हणून आज तुझे बाबा वाचले."